पळसमार्का कंपनीचा ऑब्जेक्ट

साहेबाने टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "तुमच्या कंपनीचा ऑब्जेक्ट काय?"

दोन्ही भागीदार समोर बसले होते. दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. ऑब्जेक्ट म्हणजे उद्देश, हा धंदा तुम्ही कशासाठी मांडलात ते सांगा, असं मी दोघांना समजावलं.

चुनीलालशेठ म्हणाले, "सांगा त्याले, कास्तकारापासून कापूस घेणं, गाठी बांधणं अन् मुंबईले पाठवणं."

त्यांचं वाक्य संपायच्या आत भगवंतबापू म्हणाले, "वऱ्हाडची गाठ मुंबईत कोणी उघडून पाहू नये. मार्का पाहावा अन् घ्यावी. त्याच्यासाठी मांडला."

मी दोन्ही उत्तरं इंग्रजीत करून सांगितली. साहेब लिहिता लिहिता थांबला.

"उत्तरं दोन्ही चांगली आहेत," तो म्हणाला. "पण प्रॉस्पेक्टसमध्ये एकच छापता येतो. कोणता छापू?"

 शेठ आणि बापूंनी मिळून अमरावतीला कापसाच्या गाठी दाबायची प्रेस उभारून दोन हंगाम झाले होते. एका पंगतीला जेवायचे, एका दमणीत, म्हणजे माणसांच्या हलक्या बैलगाडीत, बसून गावोगाव फिरायचे. पण आपण हे नेमकं कशासाठी करतो आहोत, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं.

तो काळ आजच्या वाचकाला थोडा समजावून सांगायला हवा. अमेरिकेत आपसात लढाई जुंपली होती. तिथला कापूस बंद झाला म्हणून विलायतेतल्या गिरण्या अडल्या आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या जमिनीकडे वळल्या. कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत रोज नवी कंपनी निघत होती. कंपनी काढायची तर प्रॉस्पेक्टस छापायचा, म्हणजे लोकांनी पैसा घालावा म्हणून काढलेली जाहिरात. त्यात पहिल्या ओळीत ऑब्जेक्ट. हा साहेब मुंबईच्या एका पेढीचा एजंट होता आणि आमच्या प्रेसची शेअरवाली कंपनी करायला आला होता. माणूस वाईट नव्हता. घाईत मात्र असायचा.

"हंगाम उतरला की मी परत येतो," जाताना तो म्हणाला. "तोपर्यंत एक उत्तर ठरवून ठेवा."

मी तिथे सिलेक्टर होतो. सिलेक्टर म्हणजे कापूस पारखणारा. काम मुंबईला कुलाब्याच्या कापूसबाजारात शिकलो आणि शेठनी मला तिथून वऱ्हाडात आणलं. गावातच चरकावर सरकी काढलेल्या कापसाची गाडी फाटकात आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मूठ काढायची, वास घ्यायचा. ओल असेल तर नाकाला आधी कळते. मग चार तंतू दोन अंगठ्यांत धरून ओढून बघायचे. वाळका पाला किती, सरकीचे तुकडे किती, कवडी किती ते बघायचं. कवडी म्हणजे किडीने किंवा पावसाने पिवळी पडलेली, न फुललेली बोंडं. एवढं झालं की हो किंवा नाही म्हणायचं. गावातले लोक मला 'शिलेक्टर' म्हणत. माझ्या पुण्याकडच्या कानाला ती बोली पहिल्यांदा भांडल्यासारखी वाटायची. पुढे कळलं की इथे भांडण नसतानाच माणसं असं बोलतात. भांडण असलं की गप्प होतात.

आमची प्रेस लाकडी होती. मधे जाड स्क्रू, त्याला आडवे दांडे, आणि दांडे छातीने रेटत गोल फिरणारी माणसं. स्क्रू खाली आला की पेटीतला कापूस दबून दगडासारखा व्हायचा. त्याला तरटात शिवून, दोरखंडाने आवळून गाठ करायची. गाठीवर काळ्या रंगात पळसाचं पान. तो आमचा मार्का. माणसांचा मुकादम रहीमभाई. तो एका सुरात काहीतरी म्हणायचा आणि सगळे त्या तालावर पाय टाकायचे. दुपारी आवारात पांढरा धूर उडाल्यासारखी रुई तरंगायची, बैलांच्या शिंगांवर, आमच्या भुवयांवर बसायची. संध्याकाळी घरी निघालेला प्रत्येक माणूस म्हातारा दिसायचा. आता मी खरोखरच म्हातारा झालो आहे. तरी ते दिवस आठवले की पहिल्यांदा नाकात सरकीचा तेलकट वास येतो.

बापू वलगावचे. काळ्या जमिनीचे धनी, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पेरणारं घर. अंगाने आडवे, बोलणं थोडं. प्रेस काढायच्या आधी ते एकदा स्वतःचा कापूस घेऊन मुंबईला गेले होते. बैलगाड्यांनी खानदेशात, रेल्वे तेव्हा जिथवर आली होती तिथवर, आणि पुढे आगगाडीने. बाजारात व्यापाऱ्याच्या माणसाने त्यांच्या गाठीत लोखंडी आकडा खुपसला, तरट टरकावलं, आतला कापूस ओढून काढला आणि जमिनीवर टाकला. शेजारच्या गुजराती मालाला कोणी हातसुद्धा लावला नाही. बापूंनी विचारलं, असं का? तो माणूस म्हणाला, "बेरार का माल है. पेट फाड के देखना पडता है."

बापूंचा कापूस स्वच्छ होता. तरी फाडला. ते त्यांच्या मनात रुतून बसलं.

शेठ अकोल्याचे. वडील मारवाडातून आलेले, पण शेठ जन्मले वाढले वऱ्हाडात. घरात मारवाडी, बाहेर अस्सल वऱ्हाडी. त्यांना काम चालू दिसलं की बरं वाटायचं. प्रेसचा स्क्रू फिरत असला की ते त्याच्याजवळ उभे राहून पान खायचे. थांबला की त्यांना पान गोड लागत नसे.

साहेब गेला आणि हंगाम सुरू झाला. आमच्या समोर, त्याच रस्त्यावर, दुसरी प्रेस उभी राहिली होती. ती सगळं घ्यायची. ओला, कवडीचा, पाल्याचा, काही बघायची नाही. विलायतेत कापूस इतका हवा होता की काहीही खपत होतं. माझ्याकडे गाडी आली, मी हात घातला, नाही म्हणालो, की गाडीवान बैलांच्या शेपट्या पिळून पुढच्या फाटकात जायचा. एक कास्तकार मला म्हणाला, "शिलेक्टर, तुमी नवरी पाहून रायले का कापूस?" बाकीचे गाडीवान हसले. मीही हसलो, पण गाडी गेली ती गेलीच.

बापूंचा हुकूम पक्का होता. वाईट कापसावर पळसाचं पान उमटणार नाही. झालं असं की चांगलाही पुरेसा येईना. ज्याला दोनदा परत पाठवलं तो तिसऱ्यांदा आमच्याकडे वळतच नसे. स्क्रू सकाळी थोडा फिरायचा आणि दुपारी थांबायचा. माणसं सावलीला बसून तंबाखू मळायची.

एका दुपारी रहीमभाई ऑफिसात आला. रागात नव्हता.

"साब, मेरे आदमी बैठे बैठे थक गये," तो म्हणाला. "कल से सामनेवाली प्रेस में जायेंगे. बुरा मत मानना."

शेठनी त्याला पान दिलं, त्याचं ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर बापूंकडे वळले.

"बापू, मार्का लावाले गाठ पायजे. गाठ बांधाले माणसं पायजेत. माणसं चालली."

"जाऊ द्या," बापू म्हणाले. "घाण बांधून मले वऱ्हाडचं नाव घालवाचं नाई."

"गाठ बांधलीच नाई तर नाव कशावर लिवता? माह्या कपायावर?"

"तुमाले नुसता स्क्रू फिरतानी पायजे. त्याच्यातून काय निघते ते नाई पाहाचं."

शेठ उठले, पगडी नीट केली. दारात थांबून म्हणाले, "मी माहा हिस्सा काढून घेतो. तुमी अन् तुमचं पान राहा इथं." बाहेर दमणी जुंपली गेली.  बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज अकोल्याच्या रस्त्याला लागला आणि कमी कमी होत गेला.

 मग बापूही उठून वलगावला गेले. प्रेसमध्ये उरलो मी, एक चौकीदार आणि आवारभर चिमण्या.

काही दिवस मी वाट पाहिली. दोघांपैकी कोणी आलं नाही, निरोपही आला नाही. मला कुलाब्याला परत जाता आलं असतं, त्या काळात सिलेक्टरला काम कोणीही दिलं असतं. पण ती जागा मला आवडू लागली होती आणि ती दोन माणसं तर त्याहून जास्त. मी एका भाड्याच्या गाडीत बसून अकोल्याला गेलो.

शेठ घरीच होते. त्यांनी मला आधी हातपाय धुवायला लावले, पाटावर बसवलं आणि वाढायला सांगितलं. मी जेवत असताना पहिलं वाक्य बोलले ते हे, "बापू जेवते का वेळेवर?"

"ते वलगावला आहेत. मला माहीत नाही," मी म्हणालो.

शेठनी मान हलवली. माझं जेवण होऊ दिलं. मग म्हणाले, "विनायकराव, एक सांगा. तुमी ज्या गाड्या परत पाठोता, तो कापूस वाईट राहते का? का वाईट वेचलेला राहते?"

मी विचार केला. हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. "वाईट वेचलेला," मी म्हणालो. "झाडावर तो चांगलाच असतो. दहिवरात वेचतात म्हणून ओला होतो. घाईत ओरबाडतात म्हणून पाला येतो. कवडी आणि खाली पडलेलं बोंड त्याच झोळीत जातं. एकदा मिसळलं की मग कोणी वेगळं करत नाही."

"मंग आपण फाटकात काहून बसलो हो?"

 शेठ बोलत राहिले. आवाज त्यांचा नेहमीसारखाच होता, पण मी त्यांना एवढं सलग बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो. गाडीत बसून अकोल्याला येताना त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं पाहिली होती. सगळीकडे वेचणी चालली होती. बापूंना जे पाहिजे ते सगळं त्या शेतांत ठरतं, आणि आपलं काम मात्र फाटकापासून सुरू होतं. तिथे येईपर्यंत कापसाचं जे व्हायचं ते झालेलं असतं. आपण फक्त हो किंवा नाही म्हणायला उरतो. "तुमी नाई म्हणता, गाडी सामोर जाते. त्यानं वऱ्हाडचा कापूस सुधरला का? तो दुसऱ्याच्या गाठीत गेला, एवढंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्यांच्याच दमणीतून निघालो, अमरावतीला न थांबता पुढे वलगावला गेलो.

बापू शेतात होते. बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटवली होती आणि ज्वारीची कोवळी कणसं भाजून हुरडा चालला होता. आम्हाला येताना पाहून ते उठले नाहीत. थोडे सरकले आणि बाजूला जागा केली. शेठ तिथे बसले, धोतराची काळजी न करता. बापूंनी एक कणीस तळहातांत चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं आणि हिरवे गरम दाणे शेठच्या हातावर ठेवले. शेठनी ते तोंडात टाकले.

मग शेठ म्हणाले, "बापू, तुमची गोठ मले पटत नव्हती असं नाई. मले तिच्यात माहं काम दिसत नव्हतं."

"अन् आता?"

"आता दिसून रायलं. पण काम बदलाव लागन. माहं बी अन् तुमचं बी."

शेठनी योजना सांगितली. कापूस झाडावरून उतरतानाच दोन ढीग करायचे. स्वच्छ वेगळा, बाकीचा वेगळा. आपण दोन्ही घ्यायचे, कोणालाही रिकामं पाठवायचं नाही. स्वच्छ ढिगाला चढा भाव आणि पळसाचं पान. दुसऱ्यालाही गाठ बांधायची, पण कोऱ्या तरटात, मार्का न लावता. म्हणजे स्क्रू फिरत राहील, रहीमभाईची माणसं राहतील आणि नावही राहील.

बापूंनी आगटीतली एक गोवरी सरकवली. "बिनमार्क्याचा माल आपल्या प्रेसमधून?" ते म्हणाले.

"हो. तवाच मार्क्याले काही अर्थ राहीन."

ते त्यांना आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी दुसरं कणीस उचललं आणि म्हणाले, "पयले माह्या वावरात करून पाहू."

ठरवणं सोपं होतं. बापूंच्या शेतात वेचणाऱ्या बायांची पुढारी होती बायजा. उंच, वाळकी, तोंडाने फटकळ. बापूंनी तिला बोलावून सांगितलं की आजपासून स्वच्छ कापूस पुढच्या ओटीत घ्यायचा, कवडी आणि मातीचा पाठीच्या झोळीत, आणि दहिवर वाळल्याशिवाय वेचणीला हात लावायचा नाही.

बायजाने सगळं ऐकून घेतलं. "नाई जमत," ती म्हणाली.

"काहून?"

"आमाले वाटा भेटते तो वेचलेल्या कापसाचा. ऊन येईलोक बसून राहा म्हणता, मंग दोन जागी टाका म्हणता. अर्धा कापूस वेचल्या जाईन. वाटा बी अर्धा होईन. तुमच्या गाठीचं नाव होईन, अन् आमी काय खाव?"

वेचणीची मजुरी तेव्हा कापसातच असायची. जितका वेचाल त्यातला एक वाटा बाईचा. म्हणून जी जास्त ओरबाडेल तिला जास्त, हे उघड होतं. बापूंना हे माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर त्यांनीच तो वाटा दिला होता. पण त्याचा मुंबईच्या बाजाराशी संबंध आहे, हे त्यांनी कधी जोडून पाहिलं नव्हतं, आणि आम्हीही नाही.

त्यांनी तिथेच सांगितलं, "स्वच्छ ओटीले मोठा वाटा. घरी नेल्यावर कमी पडला तर मले येऊन सांगजो."

"सांगीन," बायजा म्हणाली. आणि ती खरंच दोनदा येऊन सांगून गेली. दोन्ही वेळा बापूंनी वाटा वाढवला.

माझं काम पार बदललं. फाटकात बसणारा मी आता दुपारच्या उन्हात बांधावरून फिरू लागलो. दुसऱ्या कास्तकारांना पटवायला बापू बरोबर यायचे. पुष्कळांनी ऐकलं नाही. बायांना मोठा वाटा द्यायचा म्हणजे स्वतःच्या ढिगातून द्यायचा, आणि समोरची प्रेस तर सगळंच घेत होती. एकाने वरून स्वच्छ आणि आत ओला भरून गाडी आणली. मी कोपरापर्यंत हात घातला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हाव, हाय वला. करून पाह्यलं." आम्ही तो कापूस दुसऱ्या ढिगाच्या भावाने घेतला. पुढच्या खेपेला त्याने दोन ढीग वेगळे आणले. अशी माणसं हळूहळू वाढली.

रहीमभाई परत आला. त्याची निम्मी माणसं समोरच्या प्रेसमध्येच राहिली. आमचा स्क्रू पूर्वीपेक्षा सावकाश पण दिवसभर फिरू लागला. शेठ त्याच्याजवळ उभे राहून पुन्हा पान खाऊ लागले. नवीन एवढंच झालं की ते आता अधूनमधून पेटीत हात घालून मूठभर कापूस काढायचे, आणि बापू अधूनमधून माणसांना विचारायचे, आज गाठी किती झाल्या. एकमेकांची सवय लागली असावी. भांडणंही होत. एखाद्या ढिगावर पान उमटवायचं की नाही यावरून दोघं तावातावाने बोलायचे, मी मधे उभा. शेवटी कोणी एकजण चिडून निघून जायचा आणि जेवायच्या वेळी परत यायचा. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला हंगाम होता. इतक्या वर्षांत पुढे मोठ्या पगाराची कामं केली. सकाळी उठून आवाराकडे निघायची तशी घाई मला पुन्हा कधी झाली नाही.

हंगाम उतरला आणि साहेब आला. तसाच टोपी मांडीवर घेऊन बसला.

"काय ठरलं?"

आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य तयार केलं होतं. ते मी वाचून दाखवलं. शेतात वेचणीपासून दोन ढीग करवून कापूस विकत घेणे, गाठी बांधणे आणि पाठवणे, ते अशासाठी की मार्क्याची गाठ कोणाला उघडून पाहावी लागू नये.

साहेबाने ते दोनदा ऐकलं. "चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हा ऑब्जेक्ट नाही, ही शपथ आहे. शेअर घेणाऱ्याला शपथ नको असते. शिवाय तुमच्या शेतांशी त्याला काय करायचं आहे? दोन्ही टोकं कापा. कापूस विकत घेणे, गाठी बांधणे, पाठवणे. एवढंच ठेवू. आणि हंगामाला दुप्पट गाठी करू."

मी भाषांतर केलं. बापू शेठकडे बघू लागले. मला वाटलं, पहिल्या दिवशीचं शेठचं वाक्य साहेबाने जसंच्या तसं परत दिलं आहे, ते हो म्हणतील.

शेठ म्हणाले, "त्याले सांगा, हेच मी मागं बोल्लो होतो. तवा मले वाटे हे पुरं वाक्य हाय."

साहेब रागावला नाही. हस्तांदोलन केलं, टोपी घातली आणि समोरच्या प्रेसकडे गेला. तिथे त्याला हवा तो ऑब्जेक्ट मिळाला. त्यांची शेअरवाली कंपनी झाली, फाटकावर इंग्रजी बोर्ड लागला. त्या वर्षी बाजारात लोक आम्हाला हसले. माझ्या बायकोच्या भावानेही हसून घेतलं.

पुढचं वाचकांना ठाऊक असेल. अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळला. मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या, साहेबाची पेढीही गेली. समोरच्या प्रेसच्या आवारात गाठी पावसात भिजत पडल्या. त्या घ्यायला कोणी नव्हतं. आम्ही शहाणे म्हणून वाचलो असं मी म्हणणार नाही. भाव आमच्याही गाठीला पडला. दोन वर्षं फार वाईट गेली. शेठनी घरातली दमणी विकली आणि भाड्याच्या गाडीने येऊ लागले. पण गाठी विकल्या जात होत्या. कमी भावाने, उशिरा, तरी जात होत्या. जेव्हा व्यापाऱ्याला निवडून घ्यायची मुभा असते तेव्हा तो निवडून घेतो, आणि निवडताना त्याला काहीतरी खूण लागते.

अकोल्याला रेल्वे आली तेव्हा आम्ही तिघं स्टेशनवर उभे होतो. पळसाचं पान असलेल्या गाठी मालगाडीच्या वाघिणीत, म्हणजे डब्यात, चढत होत्या. बापू घरी जाताना म्हणाले, "उघडत असतीन अजून."

उघडत होते. मुंबईहून येणारे लोक सांगायचे, पूर्वी प्रत्येक गाठ फाडत, आता ढिगातली एखादी फाडतात. बापूंना हवं होतं ते पूर्ण असं त्यांच्या हयातीत झालं नाही. मी एकदा त्यांना विचारलं, वाईट वाटतं का? ते म्हणाले, "नाई गा. ते झालं असतं तर मंग सकायी उठून कराचं काय?"

बापू गेले. शेठ नंतर थोडीच वर्षं राहिले. दोघांच्या पोरांनी प्रेस एका वाफेच्या इंजिनवाल्या कंपनीला विकली. नव्या मालकांनी मला ठेवून घेतलं. त्यांनी पळसाचं पानही ठेवलं, कारण ते नाव आता चालत होतं. बोर्डरूममध्ये 'गाठ कोणी उघडून पाहू नये' हे बापूंचं वाक्य सुंदर अक्षरांत लिहून, चौकटीत घालून लावलं. शेतावर जाणं मात्र बंद केलं. बांधावरून फिरायला पगारी माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं. दोन ढिगांचा एक ढीग झाला. इंजिन उत्तम होतं. गाठी पूर्वी कधी झाल्या नव्हत्या इतक्या व्हायच्या, सगळ्यांवर पान. थोडे हंगाम ते चाललं. मग मुंबईतल्या माणसांनी पुन्हा एकेक गाठ फाडायला सुरुवात केली, आणि पळसाचं पान दिसलं की ती गाठ सगळ्यांत आधी.

मी ती नोकरी सोडली. नंतर तीन-चार कंपन्यांत काम केलं. कुठे नुसता स्क्रू फिरताना पाहिला, कुठे नुसतं भिंतीवरचं वाक्य. पहिल्या ठिकाणी माणसं थकलेली असायची आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामी. आजकालचे तरुण मॅनेजर मला भेटायला येतात आणि विचारतात की कंपनीने कुठे पोचायचं ते आधी ठरवावं, की रोज काय करायचं ते. मी त्यांना सांगतो, दोन्ही ठरवा, पण दोन वेगळ्या माणसांच्या ताब्यात द्या आणि त्यांना एका पंगतीला जेवायला बसवा. ते रोज भांडले पाहिजेत. भांडण थांबलं तर समजावं, दोघांपैकी एकजण कंपनी सोडून गेला आहे, आणि बहुतेक वेळा ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.